ओळख पटेपर्यंत

१

२०२४ सालच्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेस असलेल्या एका उपनगरातील शिक्षण-कचेरीत, माझी धाकटी बहीण आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारी घेऊन आणि मांडीवर एक जाडजूड निळी फाइल सांभाळीत बसली होती. आणि पुण्याच्या एका माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे मराठी व इतिहास शिकवून निवृत्त झालेली मी, त्या दोघांच्या मागच्या खुर्चीवरून, शिक्षकाच्या जुन्या सवयीने सारे न्याहाळीत होते. माझा भाचा आजवर कोणत्याही शाळेत गेलेला नव्हता. त्याचे नऊ वर्षांचे शिक्षण त्या फाइलीत होते: वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या, भूमितीच्या सिद्धता, ब्रँडीवाइन नदीच्या काठी वेचून कागदावर चिकटवलेली मेपल आणि ओक वृक्षांची पाने, पणजोबांच्या एका मोडी पत्राचे देवनागरीत उतरवलेले रूप, आणि त्याची परीक्षा पाहणाऱ्या शिक्षिकेने दरसाल दिलेली प्रमाणपत्रे.

खिडकीपलीकडच्या बाईंनी मोठ्या सौजन्याने स्वागत केले, फाइलीकडे एकवार पाहिले, आणि ती न उघडताच चार कागद मागितले: जन्माचा दाखला, लसी टोचल्याची नोंद, राहत्या घराचा पुरावा आणि शिस्तभंगाच्या कारवाईविषयी पालकाचे शपथपूर्वक निवेदन. बहिणीने ते कागद काढून दिले. बाईंनी ते तपासले, शिक्का मारला, आणि मुलाला पुढच्या सोमवारपासून पाठवावे असे सांगितले. निळी फाइल होती तशीच मांडीवर राहिली; तिच्या कडेवरची बहिणीची बोटे पांढरी पडली होती.

त्या दिवसापासून नोव्हेंबरपर्यंत मी त्या घरी राहिले, शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षिकेशी बोलले, तिथल्या मराठी शाळेत भेटणाऱ्या इतर पालकांना प्रश्न विचारले, आणि रोज संध्याकाळी भाच्याने सांगितलेले वहीत टिपून ठेवले. घरी शिकलेला मुलगा शाळेत मागे पडेल की पुढे राहील, या एकाच प्रश्नाभोवती सामान्यतः चर्चा घोटाळते. मला मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटू लागली. घरात मुलाला ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच्याभोवतीच्या प्रत्येक माणसाला तो जन्मापासून ठाऊक असतो. पंधराव्या वर्षी तो प्रथमच अशा जागी जातो, जिथे त्याला कोणीही ओळखत नाही, आणि आपण कोण आहोत हे कागदावर, वर्गात आणि जेवणाच्या टेबलावर त्याला स्वतःच पटवून द्यावे लागते.

२

अमेरिकेत ज्याला होमस्कूलिंग म्हणतात ते गृहशिक्षण मूलतः काही नवे नाही. नवे होते ते सक्तीचे शाळाशिक्षण. शाळेत जाण्याची सक्ती करणारा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केला आणि सर्वांत शेवटी १९१८ मध्ये मिसिसिपी राज्याने त्या पंक्तीत स्थान घेतले. त्यानंतर मूल कोणाचे, आईबापांचे की सरकारचे, हा वाद न्यायासनापुढे जाणे अपरिहार्यच होते. ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याचा हुकूम काढला, तो १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. १९७२ साली विस्कॉन्सिनमधील आमिश पंथीयांना आठवीनंतर आपली मुले शाळेतून काढून घेण्याची मुभा त्याच न्यायालयाने दिली. १९७७ मध्ये जॉन होल्ट या शिक्षकाने, शाळा सुधारणार नाहीत अशी खात्री पटल्यावर, घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केले. पुढच्या दशकात धार्मिक वृत्तीची सहस्रावधी कुटुंबे निराळ्या कारणाने त्याच वाटेला लागली. आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षणाला कायद्याची मान्यता मिळाली.

सरकारी पाहणीनुसार १९९९ साली अशी मुले सुमारे ८.५ लाख होती, २०१२ मध्ये ती १७ लाखांच्या वर गेली. पुढे महामारी आली. २०२० च्या वसंतात शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपैकी ५.४ टक्के कुटुंबांनी आपण घरी शिकवतो असे जनगणना खात्यास सांगितले होते; त्याच वर्षीच्या शरदात हे प्रमाण ११.१ टक्के झाले. त्या लाटेत घरी राहिलेली मुले आता वाढून हायस्कुलाच्या वयाची झाली आहेत, आणि त्यांतली पुष्कळ शाळेच्या दाराशी येत आहेत.

पेनसिल्व्हेनिया राज्याचा यासंबंधीचा कायदा १९८८ चा असून तो इतर अनेक राज्यांच्या मानाने कडक समजला जातो. शिकवणाऱ्या पालकाने निदान हायस्कूल पूर्ण केलेले असावे. दर वर्षी प्रतिज्ञापत्र दाखल करावे. वर्षातून १८० दिवस, किंवा प्राथमिक वयात ९०० आणि माध्यमिक वयात ९९० तास शिकवावे. तिसरी, पाचवी व आठवीच्या वर्षी वाचन आणि गणित यांची प्रमाणित चाचणी द्यावी. आणि वर्षअखेर अधिकृत मूल्यमापकाने मुलाची मुलाखत घेऊन व त्याचे दफ्तर पाहून शिक्षण योग्य प्रकारे चालले आहे असा दाखला द्यावा, असे त्याचे मुख्य दंडक आहेत. पालकाने मागितल्यास शाळेने आपली पाठ्यपुस्तके उसनी दिली पाहिजेत, हेही त्यात आहे. माझा भाचा सहा वर्षांचा होता तेव्हा तिथे सक्तीचे वय आठ होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते सहावर आणले. त्यामुळे त्याच्या पहिल्या दोन वर्षांचा सरकारदरबारी एकही कागद नाही, जरी त्याच दोन वर्षांत तो रोमन आणि देवनागरी दोन्ही लिप्या वाचू लागला होता.

ज्या शाळेत तो निघाला होता तिला तिकडे पब्लिक स्कूल म्हणतात, आणि या शब्दाविषयी आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे. इंग्रजांच्या रिवाजाने आपण पब्लिक स्कूल म्हणजे धनिकांच्या मुलांचे वसतिगृहयुक्त विद्यालय असे समजतो. अमेरिकेतला अर्थ आपल्या ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या जवळ जातो, ज्या अर्थाने पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली त्या अर्थाच्या. ही शाळा लोकांच्या करावर चालते आणि लोकांपैकी कोणालाही तिचे दार बंद नसते. फिलाडेल्फियाचे सेंट्रल हायस्कूल १८३६ मध्ये लोकांच्या करावर चालणारी शाळा म्हणूनच स्थापन झाले. प्राथमिक शाळेपुढचे शिक्षणही करातून द्यावे की नाही, हा वाद मिशिगनमधील कालामाझू गावच्या करदात्यांनी न्यायालयात नेला तेव्हा, १८७४ साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हायस्कुलाच्या बाजूने निकाल दिला, आणि त्या निकालाचा आधार पुढे इतर राज्यांनी घेतला.

३

या सार्वजनिकत्वाचा अर्थ मला त्या कचेरीत प्रत्यक्ष दिसला. पेनसिल्व्हेनियाच्या नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून फार तर पाच कामकाजी दिवसांत मुलाला वर्गात बसवावे लागते. आणि तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत किंवा पदविका मिळेपर्यंत त्याचा हा हक्क अबाधित असतो. कुटुंब या देशात कोणत्या कागदावर राहते आहे हे शाळा विचारीत नाही, कारण टेक्सासमधून आलेल्या एका खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने परवान्यावाचून आलेल्यांच्या मुलांनाही शाळा नाकारता येणार नाही असा निर्णय दिलेला आहे. ज्या बाईंनी आमची फाइल उघडली नाही, त्यांच्याविषयी माझ्या मनात प्रथम जो किंचित विषाद उत्पन्न झाला होता, तो हे समजल्यावर मावळला. फाइल न उघडणे हीच त्या दाराची उदारता होती: आत येण्यासाठी मुलाने काय शिकले आहे हे सिद्ध करण्याची गरजच नव्हती.

तथापि आत आल्यावर ती गरज उभी राहिली. पहिला प्रसंग भाषेचा. प्रवेशाच्या कागदांत घरच्या भाषेविषयी एक प्रश्नावली असते, आणि मूल प्रथम कोणती भाषा शिकले या रकान्यात बहिणीने, क्षणाचाही विचार न करता, ‘मराठी’ असे लिहिले. त्या एका शब्दामुळे, आणि आधीच्या कोणत्याही शाळेची गुणपत्रिका नसल्यामुळे, ज्याने त्या उन्हाळ्यात डिकन्सच्या दोन कादंबऱ्या वाचून संपवल्या होत्या त्या मुलाला इंग्रजी समजते की नाही याची चाचणी द्यावी लागली. तो तीत सहज उतरला. मला शंका आली की बहिणीला आपण लिहिलेल्या शब्दाचा पश्चात्ताप होत असेल, पण ती म्हणाली, “ताई, पहिली भाषा तीच आहे ना? मग दुसरं काय लिहायचं?”

दुसरा प्रसंग क्रेडिटचा. अमेरिकन हायस्कुलात विद्यार्थी विषयवार क्रेडिट जमवीत पदविकेपर्यंत पोहोचतो, आणि त्या क्रेडिटच्या मुळाशी, १९०६ च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाने रूढ केलेले, एका विषयाचे १२० तासांचे माप आहे. माझा भाचा दहावीत दाखल होत होता. नववीचे वर्ष घरी झाले होते. ते मोजायचे कसे? निळी फाइल अखेर उघडली गेली ती मार्गदर्शक शिक्षिकेच्या टेबलावर. साठीच्या आसपासच्या त्या बाईंनी प्रत्येक पान उलटले, पानांच्या संग्रहापाशी थांबून एका झाडाचे नाव विचारले, आणि मग आपली अडचण सरळ सांगितली: मुलगा काय शिकला ते या फाइलीत उत्तम दिसते आहे, परंतु किती तास शिकला ते त्यांना विषयाच्या नावापुढे लिहायचे होते.

सुदैवाने बहिणीने रोजनिशी ठेवली होती. त्या दोघीजणी दीड तास ते ९९० तास विषयवार वाटीत बसल्या. वसंतात नदीकाठी घालवलेल्या सकाळी जीवशास्त्रात धराव्या की शारीरिक शिक्षणात? मोडी पत्राचे तास इतिहासाचे की परभाषेचे? स्वयंपाकघरात अपूर्णांक शिकवणारी आई जे कधीही वेगळे करीत नाही, ते वेगळे करून खातेवहीत घालावे लागत होते. अखेर इंग्रजी, जागतिक इतिहास आणि भूमिती यांचे क्रेडिट मान्य झाले. जीवशास्त्राचेही झाले, मात्र त्या विषयाची राज्याची कीस्टोन परीक्षा त्याने द्यावी असे ठरले. नदीकाठच्या सकाळी जीवशास्त्रातच धरल्या गेल्या.

ज्या घरी पुढेमागे मुलाला शाळेत घालण्याचा विचार आहे, त्या घराने ही रोजनिशी अवश्य ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या मुलाचे ज्ञान आपल्याला दिसते म्हणून ते परक्यालाही दिसेल, ही समजूत मायेतून येते, आणि तिची किंमत मुलाला मोजावी लागते.

४

शाळा सुरू झाली. पावणेसातला कोपऱ्यावर पिवळी बस, बेचाळीस मिनिटांचा एकेक तास, दोन तासांच्या मध्ये चार मिनिटे, आणि जेवणाची सुट्टी, मला ते ऐकून नवल वाटले, सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी. ज्या मुलाने आजवर भूक लागली की जेवावे आणि एखादे प्रमेय सुटेपर्यंत उठू नये असा दिवस काढला होता, त्याचा विचार आता अर्ध्यावर घंटेने तोडला जाऊ लागला. तासाच्या मध्ये बाहेर जायचे तर परवानगीचा पास घ्यावा लागे. पहिल्या दिवशी त्याने तो मागितलाच नाही, आणि तीन वाजेपर्यंत तसाच बसून राहिला.

सर्वांत मोठी फजिती कुलपाची झाली. मार्गिकेतल्या लॉकरला आकड्यांचे कुलूप असते: उजवीकडे तीन फेरे देऊन पहिल्या आकड्यावर यायचे, डावीकडे तो आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर थांबायचे, पुन्हा उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. इतर मुलांची बोटे हे सहावीपासून शिकलेली. याला समीकरणे सोडवता येत होती, पण ते कुलूप उघडता येत नव्हते. तीन दिवस त्याने सारी पुस्तके पाठीवर वाहिली. चौथ्या दिवशी शेजारच्या लॉकरचा मुलगा काही न विचारता पुढे झाला, त्याने स्वतःच्या कुलपावर ती क्रिया सावकाश दोनदा करून दाखवली, आणि घंटा होताच निघून गेला. “मला त्याचं नाव विचारायचं सुचलंच नाही, मावशी,” भाचा रात्री म्हणाला. हजेरी घेताना त्याच्या स्वतःच्या नावाचे मात्र प्रत्येक तासाला निराळे रूप होत होते. सात शिक्षकांनी त्याचे सात उच्चार केले, आणि त्याने सातही उच्चारांना ‘हजर’ म्हटले.

घरी शिकलेल्या मुलांना माणसांत वावरता येत नाही असे म्हणतात, ते मला खरे दिसले नाही. माझा भाचा वाचनालयाच्या प्रमुख बाईंशी, व्हायोलिनच्या गुरुजींशी, मराठी शाळेतल्या आजोबांशी अत्यंत मोकळेपणाने बोलतो. किंबहुना प्रौढांशी इतके नीट बोलणारी मुले मी माझ्या वर्गात क्वचितच पाहिली. त्याला सवय नव्हती ती समवयस्कांच्या अर्धवट वाक्यांची, ज्यांत बोलणाऱ्याला काही सांगायचे नसते, केवळ आपण इथे आहोत एवढेच कळवायचे असते. दोन आठवडे तो जेवणाच्या टेबलाच्या टोकाला पुस्तक उघडून बसत असे.

मग निबंधाचा प्रसंग आला. इंग्रजीच्या शिक्षिकेने पाच परिच्छेदांचा निबंध सांगितला होता. याने अकरा पाने लिहिली. आयुष्यात प्रथमच त्याच्या लेखनावर एक अक्षर उमटून आले, आणि ते होते सी. घरी त्याचे लिखाण वाचले जाई, त्यावर वाद होई, ते पुन्हा लिहिले जाई. त्याला श्रेणी कधी मिळाली नव्हती. बहीण अस्वस्थ झाली. रात्री उशिरा ती शिक्षिकेला पत्र लिहायला बसली: मुलगा असा नाही, त्याने याहून कितीतरी कठीण लिखाण केले आहे, हवे तर फाइल पाठवते. मी स्वयंपाकघरात होते. भाचा पाणी प्यायला आला, त्याने आईच्या खांद्यावरून पत्र वाचले, आणि शांतपणे म्हणाला, “आई, नको पाठवूस. मी विचारीन त्यांना.”

त्याने विचारले. शंभरावर विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणाऱ्या त्या बाईंनी मधल्या सुट्टीत त्याला दहा मिनिटे दिली, आणि सांगितले की पाच परिच्छेदांत मावेल एवढेच निवडणे हेच त्या निबंधातले काम होते. त्याने तो पुन्हा लिहिला. श्रेणी थोडीच वाढली. पण त्या दिवसापासून त्या तासाला त्याच्या नावाचा उच्चार बिनचूक होऊ लागला, कारण दहा मिनिटे संपताना बाईंनी त्याला तो विचारून घेतला होता.

५

एका घरावरून सिद्धान्त मांडू नये, म्हणून मी इतरांनाही भेटले. अमेरिकेतल्या मराठी शाळा बहुधा रविवारी भरतात, आणि मुले आत बाराखडी गिरवीत असताना पालक बाहेर चहाच्या पेल्यांभोवती मोकळेपणाने बोलतात. एका आईने सांगितले की तिची मुलगी नववीला मोठ्या उमेदीने शाळेत गेली आणि हिवाळ्याच्या सुट्टीनंतर परत गेलीच नाही. त्या कोलाहलात आपल्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, असे ती म्हणाली. आईबापांनी पुन्हा प्रतिज्ञापत्र दाखल केले. २०२२ च्या कायद्याने गृहशिक्षणातील मुलांना शाळेच्या दिवसाच्या चतुर्थांशापर्यंतचे विषय शाळेत घेण्याची सोय झालेली आहे. तिच्या आधारे ती मुलगी आता रसायनशास्त्र आणि वाद्यवृंद एवढ्यांसाठीच शाळेत जाते आणि उरलेला दिवस घरी असते. तिचे परत येणे मला पराभव वाटले नाही. तिनेही शाळेला आपली ओळख दिली. फक्त कितपत द्यायची ते तिने स्वतः ठरवले.

ही मुभा ज्याला मिळाली नाही असा एक तरुण मला त्या दिवसांत वारंवार आठवे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना युरोपियनांच्या शाळेत घातले नाही, कारण जी सवलत इतर हिंदी मुलांना नव्हती ती स्वतःच्या मुलांसाठी घेणे त्यांना अन्याय्य वाटले. मुलांचे शिक्षण घरीच, वडिलांच्या सवडीने झाले. त्यामागचे तत्त्व उदात्त होते यात संशय नाही, आणि मुलांची त्याबद्दल तक्रार होती हे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नमूद केले आहे. थोरला हरिलाल, १८८८ सालचा, १९११ मध्ये घर सोडून अहमदाबादेस आला तो मॅट्रिक होण्यासाठी. लग्न झालेला, मुलाबाळांचा बाप असलेला तेवीस वर्षांचा पुरुष ती परीक्षा पुन्हा पुन्हा देत राहिला आणि उत्तीर्ण होऊ शकला नाही. त्याच्या पुढच्या दुःखाची कारणे अनेक होती, ती सारी या एका गोष्टीवर लादणे योग्य होणार नाही; परंतु ज्याला अखिल जग अमक्याचा मुलगा म्हणून ओळखत होते, त्याला स्वतःच्या नावाचा एक दाखला हवा होता, हे मला एक शिक्षिका म्हणून उमजते.

आणि एक शिक्षिका म्हणून माझ्या मनावर एक ओझेही आहे. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेला अधिकार सहा ते चौदा वर्षांपुरता आहे. त्यापुढे घरी शिकलेल्या मुलाची नेहमीची वाट म्हणजे १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, नाहीतर आपल्या मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. आमच्या शाळेत दर वर्षी असे खाजगी विद्यार्थी येत: फॉर्म भरायला, प्रात्यक्षिकाला, प्रवेशपत्र न्यायला. त्यांत शाळा सुटलेली मुले होती, कामाला जाणारी होती, घरी शिकणारीही होती. मी त्यांच्या कागदांवर सह्या केल्या, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि पुढच्याला हाक मारली. सत्तावीस वर्षांत त्यांच्यापैकी एकाचीही हजेरी मी घेतली नाही, कारण हजेरीपटात त्यांचे नावच नव्हते. परीक्षेला बसण्याचा अधिकार आपण त्यांना दिला. बाक, शेजारी आणि नावाने हाक मारणारे कोणी, हे मात्र दिले नाही. पंधराव्या वर्षी दाराशी आलेल्या मुलाला आधी आत घेऊन मग त्याचे तास मोजणे, हा क्रम आपणही स्वीकारला पाहिजे.

६

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, मेपलची पाने अंगणभर झडलेली असताना, दुपारी दाराची घंटा वाजली. बहिणीने दार उघडले तर बाहेर एक उंच, अवघडलेला मुलगा उभा होता. या घरी आजवर येणारी सारी माणसे आधी तिच्या ओळखीची झालेली, आणि मग तिने ती मुलाच्या ओळखीची करून दिलेली. हा मुलगा कोण हे तिला ठाऊक नव्हते, आणि आपल्या मुलाच्या आयुष्यात आपल्याला ठाऊक नसलेले कोणी आहे याचे क्षणभर उमटलेले आश्चर्य मी तिच्या मुद्रेवर स्पष्ट वाचले. तेवढ्यात भाचा जिना उतरून आला.

“आई, मावशी,” तो म्हणाला, “हा माझा मित्र. याचं लॉकर माझ्या शेजारी आहे.” आणि त्याने नाव सांगितले.

ते नाव आमच्या कानांना अपरिचित होते. बहिणीने ते ऐकले, चुकवले, मुलाकडे पाहून पुन्हा विचारले, आणि दुसऱ्यांदा बरोबर उच्चारले.